रातांबा, हापूस, फणस, बोंडू : फळप्रक्रियेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरत आला की आमचा फोन तापायला लागतो आणि जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत काही थंड होत नाही. विचारणाऱ्यांत बागायतदार असतात, बचत गटाच्या ताई असतात, प्रकल्प-अहवाल लिहायला बसलेली मुलं असतात आणि परदेशातून ‘डब्यातला रस खरंच हापूसचा असतो का हो?’ असं विचारणारे काकाही असतात. प्रश्न मात्र तेच ते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे रेंगाळलोय, बाकीचं दोन ओळींत उरकलंय.

फूड इंजिनिअरिंग म्हणजे मोठ्या पातेल्यातला स्वयंपाकच ना?

बराचसा तसाच. फरक एवढाच की घरी ‘कड सुटली’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, कारखान्यात त्या कड सुटण्याचा आकडा लागतो. ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेसारख्या घनाचं प्रमाण, किती झाला, आम्लता किती, बरणीच्या अगदी मधोमध उष्णता पोचायला किती मिनिटं गेली. हे आकडे शोधायचं काम माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, चालतं. ती संस्था १९३३ची. म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था १९५०ची आणि आपलं दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२चं.

पुढची सगळी उत्तरं एका गोष्टीवर उभी आहेत, ती आधीच सांगतो. फळ टिकवायचं तर काहीतरी घालवावं लागतं. तापवलं तर वास जातो, वाळवलं तर पोत बदलतो. काहीच न घालवता टिकवून देतो असं कोणी म्हणालं, तर तो यंत्र विकायला आलाय असं समजा. काय गेलेलं चालेल, एवढंच ठरवणं आपल्या हातात असतं.

डबाबंद हापूसच्या रसाला ताज्या आंब्याची चव का येत नाही?

हापूसचा वास एका पदार्थाचा नसतो. टर्पिन वर्गातली द्रव्यं, लॅक्टोन, फ्युरॅनिऑल अशी बरीच मंडळी मिळून तो बनवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या वासावर बरीच वर्षं काम झालंय आणि फ्युरॅनिऑल तयार करणारं हापूसमधलं एन्झाइमही तिथल्या लोकांनी शोधून काढलंय. ही द्रव्यं हलकी असतात. तापवलं की काही उडून जातात, काहींचं रूप बदलतं आणि ‘शिजलेला’ वास पुढे येतो.

मग तापवायचं कशाला? तर आंब्याच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साडेचारच्या खाली असतो. एवढ्या आंबट पदार्थात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढत नाहीत, त्यामुळे १२१ अंशांपर्यंत जावं लागत नाही. साधारण ९० ते ९५ अंशांत यीस्ट, बुरशी आणि रंग-चव बिघडवणारी एन्झाइमं आवरतात. खरी अडचण वेगळीच आहे. आंब्याचा रस दाट असतो आणि दाट पदार्थातून उष्णता फार सावकाश सरकते. मोठ्या डब्यात मधला रस तापेपर्यंत कडेचा रस शिजून निघतो.

यावर इंजिनिअरांनी काढलेला मार्ग म्हणजे अ‍ॅसेप्टिक पद्धत. रस डब्यात भरून तापवायचा नाही. आधी नळीतून वाहता ठेवून पातळ थरात झटकन तापवायचा, तसाच झटकन गार करायचा आणि मग निर्जंतुक पिशवीत निर्जंतुक जागी भरायचा. तापमान तेच, पण रस त्या तापमानात काही सेकंदच राहतो. वास बराच वाचतो. चिखलदऱ्याची थंडी एका रात्रीपुरती सोसणं वेगळं आणि तिथे महिनाभर राहणं वेगळं, तसंच काहीसं.

अतिउच्च दाबाची पद्धतही आहे. सुमारे ६०० मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ सहा हजार पट दाब देऊन, फारसं न तापवता जंतू मारायचे. चव सुरेख राहते. पण सगळी एन्झाइमं मरत नाहीत, माल फ्रिजमध्येच ठेवावा लागतो आणि यंत्राची किंमत ऐकून बहुतेक जण चहा घेऊन परत जातात.

घरच्यापुरतं विचाराल तर रस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांइतकं वास राखणारं दुसरं काही घरात नाही.

परदेशात मिळणारा पल्प खरा हापूसचा असतो का?

डब्यावर ‘अल्फान्सो’ लिहिलंय की नुसतं ‘मँगो’, ते आधी बघा. नुसतं ‘मँगो’ असेल तर बहुधा तोतापुरी. आंध्रातलं चित्तूर आणि तमिळनाडूतलं कृष्णगिरी हे तोतापुरीच्या पल्पचे मोठे पट्टे आहेत. त्यात वाईट काही नाही, तोतापुरी स्वस्त पडतो आणि पेयांना चालतो. ‘हापूस’ या नावाला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे.

कोकम सरबत चार महिन्यांत तपकिरी का होतं?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो, कारण पहिल्यांदा सरबत केलं तेव्हा मीच तोंडावर पडलो होतो. आंब्याच्या स्क्वॅशला घालतो तसं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मी कोकमातही घातलं. अर्ध्या तासात लालबुंद सरबत फिकं गुलाबी. एक वयस्कर काकू शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “रे, ह्या काय केलंस? ह्येका आजारी पाडलंस की!”

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा. आंब्याचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडचा, तो सल्फाइटला दाद देत नाही. अँथोसायनिनला मात्र सल्फाइट चिकटतं आणि रंग विरतो. म्हणून कोकम, जांभूळ, करवंद अशा लाल-जांभळ्या फळांना सोडियम बेंझोएट वापरायचं आणि तेही नियमात बसेल तेवढंच. साखर भरपूर असलेल्या अमृत कोकमाला पुष्कळदा त्याचीही गरज पडत नाही.

उरलेले शत्रू तीन : उष्णता, उजेड, हवा. उष्णतेचं गणित सर्वांत कडक आहे. अँथोसायनिन ठरावीक गतीने मोडतं आणि साठवणीचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर ती गती साधारण दुप्पट ते तिप्पट होते. म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये मे महिना काढलेली बाटली आणि थंड खोलीतली बाटली एकाच दिवशी भरलेल्या असल्या तरी दिवाळीत त्यांचे रंग वेगळे दिसणार. तेव्हा पाक गार झाल्यावरच कोकमाच्या सालींवर ओता, बाटली गळ्यापर्यंत भरा आणि दुकानदाराला ती उन्हाच्या काचेत मांडू देऊ नका. पारदर्शक बाटलीत रंग बघून गिऱ्हाईक खूश होतं आणि त्याच उजेडात तो रंग मरतो. यावर मला तरी अजून तोडगा सापडलेला नाही.

भांडं स्टीलचं किंवा चिनीमातीचं घ्या. लोखंड, तांबं, पितळ नको. कोकमाचं आम्ल धातू खातं आणि धातू रंग खातात.

आमसुलं करायची जुनी पद्धत शास्त्रीय आहे का?

आहे, आणि चांगलीच. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडून बिया-गर बाजूला काढतात, साल त्याच्या मिठाळलेल्या रसात बुडवतात, उन्हात घालतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा वाळवतात. याला पुटं देणं म्हणतात. प्रयोगशाळेच्या भाषेत हे परासरणाने पाणी काढणं आणि वाळवणं, आलटून पालटून. मीठ सालीतलं पाणी ओढून घेतं, ऊन ते उडवतं आणि दर पुटाला रसातलं आम्ल आणि रंग सालीत मुरत जातात. शेवटी साल स्वतःपेक्षाही आंबट होते. भांड्यात खाली उरतं ते आगळ, सोलकढीचा जीव.

पद्धतीत खोट नाही, हंगामात आहे. रातांबे एप्रिल-मे मध्ये पिकतात आणि उशिराच्या झाडांवरचं फळ पावसात सापडतं. वाळवणाला ऊन मिळत नाही आणि माल झाडाखाली कुजतो. म्हणून दापोलीने ‘कोकण अमृता’ ही जात दिली, तिचं फळ पावसाआधी हाती येतं. दुसरा उपाय सोलर ड्रायरचा. त्यात माशा-धूळ टळते आणि थेट ऊन न लागल्याने रंगही बरा राहतो.

कोकमाच्या बिया टाकून देऊ का?

टाकू नका! बियांत साधारण पाव हिस्सा तेल असतं, आणि ‘तेल’ म्हटलं तरी ते खोलीच्या तापमानाला घट्ट. आपल्या आज्या बिया वाटून पाण्यात उकळायच्या, वर आलेला मेणचट थर काढायच्या आणि मुठीत दाबून त्याचे गोळे करायच्या. ते मुठेल. भेगाळलेल्या टाचांना दुसरं औषध घरात नसायचं.

तेच मुठेल चॉकलेटवाल्यांना का हवं असतं, ते बघा. त्यातले बहुतेक रेणू एकाच घडणीचे आहेत : दोन टोकांना स्टिअरिक आम्ल, मधे ओलेइक. कोकोच्या लोण्यातही या घडणीचे रेणू असतात, म्हणून दोघांचं एकमेकांत जमतं. कोकमाचं तूप वितळतं जवळपास ४० अंशांना, कोकोच्या लोण्यापेक्षा जरा वरच, त्यामुळे ते मिसळलं की चॉकलेट उन्हाळ्यात थोडं जास्त तग धरतं. युरोपीय संघाने २०००च्या निर्देशात चॉकलेटमध्ये कोकोखेरीज ज्या सहा वनस्पती-स्निग्धांना ५ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली, त्यांत कोकम आहे आणि आंब्याच्या कोयीतलं तेलही आहे. आपण दोन्ही उकिरड्यावर टाकतो. रस काढणाऱ्या कारखान्यामागे मे अखेरीला कोयींचा जो ढीग साचतो, त्याकडे बघून मला दरवर्षी हळहळ वाटते.

कोकम प्यायल्याने वजन कमी होतं का?

तहान भागते, जेवण पचतं असं वाटतं, उन्हाळा सुसह्य होतो. वजनाचं सोडून द्या. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं आणि चरबी तयार होण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम ते अडवतं, हे परीक्षानळीत खरं आहे. पण त्याच कुळातल्या मलबारी चिंचेच्या अर्कावर अमेरिकेत १३५ माणसांची बारा आठवड्यांची चाचणी झाली, १९९८मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि अर्क घेणारे व न घेणारे यांच्या वजनात दखल घेण्यासारखा फरक निघाला नाही. अशा अर्कांच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. सोलकढी प्या. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि सरबताच्या लेबलवर ‘वजन घटवा’ छापू नका, कायद्याने अंगाशी येईल.

आंब्याची पावडर करायला गेलो, यंत्राच्या भिंतीला गोंद लागला. यंत्र सदोष होतं का?

यंत्र निर्दोष, आंबा गोड. स्प्रे ड्रायरमध्ये रसाचा फवारा गरम हवेत सोडतात आणि थेंब खाली येईपर्यंत सुकतो. दूध असं छान सुकतं. फळाचा रस म्हणजे मुख्यतः साखरी आणि आम्लं, आणि प्रत्येक साखरेचं एक तापमान असतं. त्याच्या खाली ती काचेसारखी कडक राहते, वर गेली की चिकट होते. कोरड्या साध्या साखरेचं ते तापमान सुमारे ६२ अंश, ग्लुकोजचं ३१, फ्रुक्टोजचं फक्त ५. ड्रायरमधून बाहेर पडणारी हवाच ८० अंशांच्या आसपास असते, मग थेंब कडक कसा होणार? सुकला तरी चिकटच राहतो आणि भिंत धरतो.

म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. ते स्टार्चपासून केलेलं, चवीला जवळपास अळणी, आणि त्याचं हे तापमान शंभराच्या बरंच वर. मिश्रणाचं तापमान त्याने वर खेचलं जातं. पण मोबदल्यात पुडीत आंबा कमी आणि माल्टोडेक्स्ट्रिन जास्त, असा प्रकार सर्रास होतो. विकत घेताना मागचं बारीक अक्षर वाचा, विकत असाल तर तिथे खरं लिहा.

निखळ आंबा हवा तर फ्रीझ ड्रायिंग. रस गोठवायचा, हवा काढून दाब पाण्याच्या त्रिबिंदूच्या खाली, म्हणजे सुमारे ६११ पास्कलच्याही खाली न्यायचा. मग बर्फ वितळत नाही, सरळ वाफ होतो. वास, रंग, आकार सगळं टिकतं. यात जाते ती वीज आणि वेळ, म्हणजे तुमचे पैसे.

आंबापोळी आणि फणसपोळी किती वाळली म्हणजे झाली?

बोटाला चिकटत नाही, गुंडाळी केली तर तडकत नाही. हे आजीचं उत्तर, आणि मला त्यात दुरुस्ती करायची गरज वाटत नाही. आकड्यात सांगायचं तर पोळीत पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती, हे महत्त्वाचं. साखरेने धरून ठेवलेलं पाणी जंतूंना मिळत नाही. हे मोकळेपण जलक्रियता या मापात मोजतात. शुद्ध पाण्याची १. ती ०.६च्या खाली गेली की कोणताही जंतू वाढत नाही. पोळी मऊही हवी आणि बुरशीही नको, तर याच्या जवळपास थांबायचं.

घाई करू नका. फार गरम हवा सोडली तर वरची कातडी आधी कडक होते, आतलं पाणी आतच अडकतं आणि गणपतीत डबा उघडला की बुरशी. पातळ थर लावा, तो वाळला की पुढचा. फणसपोळीला बरका घ्या, काप्याचा गर रसाळ होत नाही.

कच्च्या फणसाची भाजी घरी बरणीत बंद करून विकू शकते का?

ताई, या पद्धतीने मुळीच नको. कच्चा फणस आंबट नसतो. पीएच ४.६च्या वर असलेला पदार्थ हवाबंद झाला, की बोट्युलिझमच्या बीजाणूंना हवी तशी जागा मिळते. साध्या उकळत्या पाण्यात ते मरत नाहीत. त्यांना दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते, तीही मोजून, त्यासाठी बनवलेल्या रिटॉर्टमध्ये. बरणी फुगेलच, वास येईलच, असंही नाही. गोठवून विका किंवा सुकवून विका. आंब्याच्या रसाची बाटली फुगली तर ते बहुधा यीस्ट असतं, नुकसान पैशाचं. इथे चूक झाली तर जीव जाऊ शकतो.

बोंडू एवढा वाया का जातो? गोव्यात तर त्याची फेणी करतात.

बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून आपणहून पडतो तेव्हाच पिकलेला असतो. पडताना ठेचतो आणि काही तासांत आंबायला लागतो. लांब नेता येत नाही. त्यात टॅनिन, म्हणून घसा धरतो. नाहीतर क जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट, हे फळ कुठल्या कुठे गेलं असतं.

गोवेकरांनी या आंबण्याशी भांडण केलं नाही, त्यालाच कामाला लावलं. बोंडू कोळंबीत, म्हणजे खडकात कोरलेल्या कुंडात, तुडवायचे, निथळणारा नीरो वेगळा ठेवायचा, बाकीचा रस आंबवून भाटीवर चढवायचा. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात हा उद्योग परवान्याशिवाय सुरू करू नका, हे वेगळं सांगायला नको.

सरबत करायचं तर टॅनिन काढावं लागतं. साबुदाणा शिजवून त्याची पेज गार करून रसात घाला. स्टार्च टॅनिनला धरून खाली बसतो, वरचा निवळ रस काढून घ्या. जिलेटिननेही होतं, पण मग उपासाचं गिऱ्हाईक जातं. आणि बोंडू जमिनीवरून उचलायचे तर झाडाखाली जाळी पसरा. मातीतले जंतू सोबत आणले तर पुढचं सगळं शास्त्र फुकट.

तुम्ही कोकणाबाहेर बघतच नाही. संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो, त्याचं काय?

आरोप मान्य. नागपुरी संत्र्याच्या पडद्यांत आणि बियांत एक द्रव्य असतं, ते मुळात कडू नसतं. रस काढला की आंबट रसात त्याचं सावकाश लिमोनिन होतं, आणि लिमोनिन कडूजहर. तापवलं की ते लवकर होतं. बिया चिरडू न देणं, पडदे लगेच गाळणं, एवढं घरी जमतं. कारखान्यात रेझिनच्या स्तंभातून रस सोडून कडवटपणा काढतात.

साक्याचा आंबा बाहेरून ओळखता येतो का?

साका म्हणजे गरात पडणारा पांढरट, स्पंजासारखा डाग. तो नजरेने बाहेरून ओळखता येत नाही. क्ष-किरणांनी आणि अवरक्त प्रकाशाने ओळखण्याचे प्रयत्न झालेत, पण रसाच्या कारखान्यात आजही आंबा कापून बघणाऱ्या बायकांच्या डोळ्यांवरच सगळी भिस्त असते. साका नको तर ‘रत्ना’ किंवा ‘सिंधु’ लावा, दोन्ही दापोलीच्या. हापूसप्रेमी यावर नाक मुरडतात, ते मला ठाऊक आहे.

अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर किरण सोडतात. तो किरणोत्सर्गी होतो का?

नाही. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांत अणुकेंद्रात ढवळाढवळ करण्याइतकी ताकद नसते. क्ष-किरण काढल्यावर तुमचा हात किरणोत्सर्गी होत नाही, तसंच. ४०० ग्रे मात्रेने फळमाशी आणि कोयीतला भुंगा पुढची पिढी घालू शकत नाहीत, अमेरिकेला तेवढंच हवं असतं. २००७मध्ये अमेरिकेचं दार पुन्हा उघडलं, तेव्हा आंब्याला लासलगावचं केंद्र उपयोगी पडलं. ते मुळात कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं होतं.

जपानला किरण चालत नाहीत. त्यांना गरम वाफ हवी, गराच्या मध्यभागी ४७.५ अंश, २० मिनिटं. युरोपने २०१४मध्ये फळमाशीमुळे बंदी घातली आणि पुढच्या वर्षी उठवली. तिकडे ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवलेला आंबा चालतो. आंबा एकच, पण प्रत्येक देशाला तो वेगळ्या पद्धतीने दुखवावा लागतो.

सुरुवातीला कोणतं यंत्र घेऊ?

ड्रायर नको, पल्परही नको. आधी ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, पीएच मीटर आणि चांगला थर्मामीटर घ्या. नियमाने स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळाचा रस आणि ४० टक्के विद्राव्य घन लागतात. जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ आणि ६५ टक्के घन. हे मोजता येत नसेल तर लाखाचं यंत्र फक्त चुकीचा माल जास्त वेगाने काढेल. अनुदान मिळतंय म्हणून घेतलेली आणि प्लास्टिकखाली धूळ खाणारी यंत्रं मी इतक्या गावांत पाहिलीत की मोजणं सोडून दिलंय.

आमसुलांवर पांढरं आलंय. टाकू का?

ओल्या बोटाने पुसून बघा. विरघळलं आणि जिभेला खारट लागलं तर ते मीठ आहे, आत मुरलेलं बाहेर आलंय. खुशाल वापरा. केसाळ दिसत असेल किंवा कुबट वास येत असेल तर चाखू नका, सगळी बरणी टाका. आणि पुढच्या वर्षी एक ऊन जास्त द्या.